महात्मा जोतीराव फुले आणि दास्याचें ऋण

पुण्याचे जोतीराव फुले यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं. तथापि त्यांचें चरित्र आमच्या खेड्यांतील मंडळ्यांनीं अगत्यानें वाचण्याजोगें आहे. ते १८२७ सालीं माळी कुळांत जन्मले. आई बालपणींच वारली. मध्यंतरीं शाळा सुटून मळ्यांत राबावें लागलें. पुढें गफार बेग मुनशी व लिजिटसाहेब यांच्या आग्रहावरून वडिलांनीं त्यांस स्कॉटिश मिशनच्या शाळेंत घातलें. अहमदनगरची अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून त्यांनीं १८४८ सालीं पुण्यांत तशी शाळा काढली. तेथें पत्नी सावित्रीबाई शिकवूं लागल्या. या कामापायीं उभयतांस वडिलांचें घर सोडावें लागलें.

१८७३ सालीं त्यांनीं "गुलामगिरी" हा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेंतील काळ्या दासांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस तो अर्पण केला. शूद्रातिशूद्रांची स्थिति त्या दासांसारखीच आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापन झाला.

पुढें दोनच वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर उठले. हें गांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत होतें, आज बारामती तालुक्यांत आहे. दंगा इंदापूर तालुक्यांतही पसरला. लोकांचा रोख विशेषतः कर्जखतांवर होता. तीं हिसकून जाळण्यांत आलीं. जोतीरावांनीं हा दंगा घडविला असें आम्ही म्हणत नाहीं. १८७९ सालीं सरकारनें शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण व्याजापायीं गेलेली जमीन कागद जाळल्यानें परत येत नाहीं.

दूरदेशींही असेंच घडलें. हैती बेटावरील दास १७९१ सालीं उठले व १८०४ सालीं स्वतंत्र झाले. परंतु १८२५ सालीं फ्रान्सनें उलट त्यांच्याकडूनच पंधरा कोटी फ्रँक मागितले. इंग्लंडनें १८३३ च्या कायद्यानें दास मुक्त करतांना दोन कोटी पौंड दिले, ते धन्यांस. दासांस कवडीही नाहीं. कॅरिबियन राष्ट्रें २०१३ सालापासून एकत्र होऊन या भरपाईची मागणी करीत आहेत. सुटलेल्या दासास रिकाम्या हातीं न पाठवितां कळप व खळें यांतून सढळ हातानें द्यावें, अशी आज्ञा अनुवादाच्या १५ व्या अध्यायांत आहे, हें आमच्या उपदेशकांस ठाऊकच आहे.

जोतीरावांनीं हाच हिशेब १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडला. महसूल बहुतांशीं रयतेच्या घामांतून येतो आणि खर्च होतो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. म्हणून निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करावें व महारमांगांसाठीं शाळा काढाव्या, असें त्यांनीं सुचविलें. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या आयुष्यांत ही गोष्ट थोर होय. यांत भिक्षा नव्हती. आपल्याच पैशाची मागणी होती.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. १९०२ सालीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं निम्म्या सरकारी जागा मागासलेल्यांसाठीं राखल्या. पुढें भारताच्या घटनेनेंही राखीव जागा दिल्या. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींचा हक्क हिंदूंपुरता ठेविला. १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांस तो अद्याप नाहीं. एकाच महार आजोबांचा एक नातू बौद्ध व दुसरा ख्रिस्ती असला, तर पहिल्यास हक्क आहे, दुसऱ्यास नाहीं; आणि आजोबांनीं केलेली वेठबिगार तर दोघांच्याही मागें सारखीच आहे.