कर्जाच्या गणितात कॉम्प्युटर जे करतो, ते भास्कराचार्य ग्रहणासाठी करायचे

ऐरोलीत फ्लॅट बघायला गेलं की विषय हप्त्यावर येतोच. समजा कर्ज ५० लाख, मुदत २० वर्षं, वर्षाला फेड ५ लाख. मग व्याजदर किती पडला?

सोपं वाटतंय ना? पण अर्थशास्त्राच्या मॉडेलसारखं व्याज क्षणोक्षणी चढतं असं धरलं, तर व्याजदर समीकरणात दोनदा येतो. एकदा साधा, एकदा घातांकात. हे झालं बीजातीत समीकरण. यात अज्ञात संख्या नेहमीच्या बीजगणिताने सुटी करताच येत नाही.

मग कॉम्प्युटर चक्क अंदाज करतो. १० टक्के धरले तर उत्तर येतं ८.६५. तेच परत घातलं की ८.२३. असं करत करत गाडी ७.९७ च्या आसपास थांबते.

आता चला १२व्या शतकात. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ते स्वतःच्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात, सह्याद्रीच्या कुशीतलं. ते नेमकं कुठलं यावर वाद आहेत. वडील महेश्वर हेच गुरू. ३६व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला.

त्यातल्या 'लीलावती'त मुद्दल आणि व्याजाची गणितं आहेत. (लीलावती ही त्यांची मुलगी, ही गोष्ट बरीच नंतरची.) तिथे 'इष्टकर्म' आहे. एक संख्या धरा, काय येतं बघा, त्या प्रमाणात दुरुस्त करा. सोप्या गणितात एका फेरीत काम होतं.

खरी पंचाईत सूर्यग्रहणात. आपण पृथ्वीच्या केंद्रात नाही, पृष्ठभागावर उभे असतो, म्हणून ग्रहणाची वेळ थोडी सरकते. या फरकाला लंबन म्हणतात. पण लंबन ठरतं वेळेवरून आणि वेळ ठरते लंबनावरून. म्हणजे उत्तर काढायला आधी उत्तरच पाहिजे!

यावर 'असकृत्' म्हणजे पुन्हा पुन्हा करायची रीत. अंदाजे वेळ घ्या, लंबन काढा, नवी वेळ काढा, आकडा हलायचा थांबेपर्यंत. ही रीत त्यांच्या आधीपासूनची, शोध त्यांचा नाही. पण ११८३ मध्ये, ६९व्या वर्षी त्यांनी आकडेमोड सोपी करणारा 'करणकुतूहल' लिहिला.

पुढे नातू चांगदेवांनी चाळीसगावजवळ पाटणला त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाला दान दिलं तेही चंद्रग्रहणाच्या वेळी. लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत हिशेब आहे, बाजारातल्या करातून आणि तेलाच्या घाण्यांवरून मठाला काय काय मिळायचं त्याचा.