बोटं बधिर झाली, लोक म्हणाले मनाचा ताण आहे. निघाला मेंदूचा आजार. गोष्ट जॅकलिन द्यू प्रेची

१९७३ सालचा फेब्रुवारी महिना. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो वाजणार होता. ऑर्केस्ट्राचं संचालन करायला उभे होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता आणि चेलो घेऊन बसली होती २८ वर्षांची जॅकलिन द्यू प्रे. लंडनमधल्या तिच्या अगदी शेवटच्या कार्यक्रमांपैकी हा एक.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवायचं वाद्य. त्यात बोटांना तार कळली पाहिजे आणि हाताला गजाचं वजन कळलं पाहिजे. नेमकं हेच जॅकलिनला कळेनासं झालं होतं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कला गेल्यावर तर बोटं तारेवर कुठं पडतायत हे तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं.

पण ही जॅकलिन होती कोण?

जन्म २६ जानेवारी १९४५, ऑक्सफर्ड. आई पियानो वाजवायची. लहानगीने रेडिओवर चेलो ऐकला आणि मला तेच वाद्य पाहिजे म्हणून हट्ट धरला. दहाव्या वर्षी विल्यम प्लीथ हे गुरू मिळाले, सोळाव्या वर्षी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये पहिला मोठा कार्यक्रम झाला. १९६५ मध्ये तिने एल्गारचा कॉन्चेर्टो रेकॉर्ड केला, तेव्हा ती वीस वर्षांची होती. ते रेकॉर्डिंग आजही जगभर ऐकलं जातं.

ती वाजवताना अख्ख्या अंगाने वाजवायची. डोलायची, हसायची, केस उडायचे. भावना लपवणं तिला जमायचंच नाही, आणि लोकांना तेच आवडायचं.

१९६७ मध्ये तिने पियानोवादक डॅनियल बॅरेनबॉइमशी जेरुसलेममध्ये लग्न केलं. या जोडप्याच्या दोस्तांच्या टोळीत झुबिन मेहताही होते. १९६९ मध्ये या टोळीने शूबर्टचं ट्राउट क्विंटेट वाजवलं, त्यात मेहता चक्क डबल बास घेऊन बसले होते. त्याची फिल्म आजही बघायला मिळते.

सगळं झकास चाललं होतं. मग १९७१ च्या सुमारास बोटं बधिर व्हायला लागली. थकवा यायचा. मध्येच बरं वाटायचं, पुन्हा त्रास सुरू. सततचे दौरे, प्रसिद्धी, संसार, त्यात बाई भावनाप्रधान. त्यामुळे हा मनावरचा ताण असणार, असाच निष्कर्ष निघाला. तिने कार्यक्रम थांबवले, मानसोपचारही घेतले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये खरं निदान झालं. मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस.

हा आजार करतो काय?

आपल्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, विजेच्या वायरवर प्लॅस्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकून याच आवरणावर हल्ला करते. मग निरोप अडखळतात. कुठं हात बधिर, कुठं नजर धूसर, कुठं तोल जातो. अनेकांना त्रास येतो आणि जातो, त्यामुळेच तो मनाचा खेळ वाटतो. हा आजार बहुतेक वेळा विशीपासून चाळिशीपर्यंत सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो.

पण वायरी फक्त हातापायांच्या नसतात. भावनांच्याही असतात.

१८६८ मध्ये फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी या आजाराची नीट मांडणी केली. कारण नसताना हसू किंवा रडू येणारे रुग्ण त्यांनीही पाहिले होते. आज यामागचं कारण बरंच कळलंय. भावना व्यक्त करण्यावर ताबा ठेवणारे मेंदूतले मार्ग तुटले की आत दुःख नसतानाही रडू कोसळतं. नैराश्य तर एमएसच्या जवळपास निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी गाठतं.

२००९ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी काही रुग्णांना भावना दाखवणारे चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. या रुग्णांना नैराश्य नव्हतं. तरीही मेंदूच्या पुढच्या भागाला निरोगी माणसांपेक्षा जास्त काम करावं लागत होतं, आणि भावनांचं केंद्र असलेल्या अमिग्डालाशी त्याचा मेळ तुटलेला होता. वरून शांत दिसणाऱ्या रुग्णाचा मेंदू आत जास्तीची मेहनत करत असू शकतो.

जॅकलिनच्या शेवटच्या वर्षांबद्दल जवळच्या माणसांनी सांगितलेल्या आठवणींत खळखळून हसणंही आहे आणि रागाचे झटकेही आहेत. त्यातलं किती आजारामुळे, किती चेलो सुटल्याच्या दुःखामुळे, याची वाटणी आता कोणी करू शकत नाही. पण तिच्या बाबतीत दोनदा गल्लत झाली. आधी शरीराचं दुखणं मनावर ढकललं गेलं. नंतर आजाराने बदललेलं मन तिच्या स्वभावावर.

हात थांबले तरी ती थांबली नाही. व्हीलचेअरवरून तिने शिकवलं. १९७६ मध्ये तिला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी ती गेली. एमएसची चाल धीमी करणारी आजची औषधं तेव्हा नव्हती.

आपल्याकडे हा आजार बराच काळ गोऱ्या लोकांचा समजला जायचा. १९९० मध्ये मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांच्या अभ्यासातून पारशी समाजात त्याचं प्रमाण इतर भारतीयांपेक्षा जास्त असल्याचं समोर आलं. पुढे एमआरआय आले आणि सगळ्याच समाजांत रुग्ण सापडू लागले. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांसाठी काम करते, पुण्यातही तिची शाखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचा समावेश आहे.

म्हणून शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्यात असो की मुंबईत, घरातली तरुण सून, मुलगी किंवा मुलगा वारंवार हातपाय बधिर होतात, एका डोळ्याने धूसर दिसतं असं सांगत असेल, तर अशक्तपणा, टेन्शन किंवा कामचुकारपणा म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि एमएस असलेलं माणूस अचानक रडलं किंवा चिडलं, तर त्याचा स्वभाव बिघडला असं ठरवण्याआधी तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. त्यावरही उपचार आहेत.