लोकहितवादी : वृत्तपत्र आणि ग्रंथालय यांतून समाजजागृती

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तिच्या आश्रयाने नांदणाऱ्या अनेक घराण्यांचे वैभव ओसरले. राज्य गेल्याचे दुःख पुण्यात घरोघरी होते. ते का गेले, याचा शोध घेणारे मात्र विरळच होते. त्यांत गोपाळ हरी देशमुख यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. समाजाला भोवतालच्या जगाची माहिती नसणे हे पराभवाचे एक मोठे कारण होय, असे निदान त्यांनी केले आणि त्यावरील उपाय वाचनात शोधला.

देशमुखांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. इंग्रजी शिक्षण घेतल्यानंतर गोपाळरावांनी सरकारी कचेरीत भाषांतरकार म्हणून नोकरीस प्रारंभ केला. इंग्रजी ग्रंथांच्या वाचनाने त्यांना युरोपचा इतिहास, अर्थव्यवहार आणि राज्यपद्धती यांचा परिचय झाला. हे ज्ञान आपल्यापुरते न ठेवता मराठी वाचकांपर्यंत पोहोचवावे, असे त्यांना वाटले.

त्यासाठी त्यांनी वृत्तपत्राचा मार्ग निवडला. भाऊ महाजन यांच्या मुंबईतील ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने त्यांची पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. १८५० पर्यंत लिहिलेली ही १०८ पत्रे पुढे ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली गेली. बालविवाह, विधवांची स्थिती, जातिभेद, परदेशी मालावरील अवलंबन, इंग्लंडमधील पार्लमेंट अशा नाना विषयांचा त्यांत समावेश होता. आपल्यावर राज्य करणाऱ्यांचा देश कसा आहे, त्यांचा कारभार कसा चालतो, याविषयी उदासीन असलेल्या शास्त्रीपंडितांवर आणि सरदारांवर त्यांनी कठोर टीका केली. पाठांतराने मिळालेली विद्या बदललेल्या काळात अपुरी पडते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. स्वकीयांचे दोष इतक्या उघडपणे मांडल्यामुळे सनातनी मंडळींचा रोष त्यांना पत्करावा लागला.

केवळ उपदेश करून ते थांबले नाहीत. वृत्तपत्रे आणि ग्रंथ विकत घेणे सामान्यांना परवडणारे नव्हते. ती अडचण ओळखून १८४८ मध्येच पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झालेली ही संस्था आज ‘पुणे नगर वाचन मंदिर’ म्हणून परिचित आहे. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लक्ष्मीज्ञान’ या पुस्तकातून त्यांनी अर्थशास्त्रही मराठीत आणले.

पुढे न्यायखात्यातील नोकरीनिमित्त ते अहमदाबादला गेले. तेथेही त्यांचे कार्य खंडित झाले नाही. ‘हितेच्छु’ हे साप्ताहिक त्यांनी सुरू केले आणि गुजरातमधील सुधारणेच्या चळवळींत भाग घेतला. मराठी वाचकांसाठी आरंभलेल्या प्रबोधनाला अशा रीतीने दुसऱ्या भाषेचे क्षेत्र लाभले. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सदस्य आणि रतलाम संस्थानचे दिवाण या नात्यांनीही त्यांनी काम केले. उत्तरायुष्यात ‘लोकहितवादी’ हे मासिकही त्यांनी चालविले.

त्यांच्या उक्ती आणि कृतीत अंतर राहिल्याचा आक्षेप अनेकदा घेतला गेला. सरकारी नोकरी आणि जातीचा दबाव यांमुळे काही प्रसंगी ते लेखणीइतके निर्भीड राहू शकले नाहीत, हे नाकारता येत नाही. तथापि, त्यामुळे त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नांचे मोल उणे होत नाही. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी त्यांचे निधन झाले. देशाचा कारभार, व्यापार आणि समाजातील अन्याय यांची माहिती ठेवणे हे केवळ राज्यकर्त्यांचे किंवा विद्वानांचे काम नसून ते प्रत्येक जाणत्या माणसाचे कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी मराठी समाजात रुजविला.