तुकोबांच्या वाटेवरचा ख्रिस्तभक्त : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा भरला आहे. ज्यांना संसाराच्या आणि नोकरीच्या पाशांमुळे पंढरीची वाट धरता येत नाही, असे कल्याण, उल्हासनगर, आंबिवली, टिटवाळा या परिसरातील असंख्य भाविक शहाडच्या बिर्ला मंदिरातील विठुरायाच्या चरणी माथा टेकून वारीचे समाधान मानतात. टाळमृदंगाच्या गजरात सारा परिसर दुमदुमून जातो. अशा या मंगल दिनी संतांची चरित्रे आठवावीत, त्यांचे गुणगान करावे, ही आपली जुनी परंपरा होय. मात्र आज आम्ही वाचकांपुढे जे चरित्र ठेवीत आहोत, ते आपल्या देवघरातील कोणा संताचे नाही. तरीही ज्याने तुकोबांना गुरुस्थानी मानले, ज्याने टाळ, चिपळ्या आणि कीर्तन यांना ख्रिस्ती मंदिराचा दरवाजा उघडून दिला, आणि ज्याचे बालपण आपल्याच कल्याणात गेले, अशा एका भक्ताचे ते चरित्र आहे. हा भक्त म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आपल्या या पट्ट्यात मराठी भाषिक ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत. कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या निमित्ताने घाटावरून आलेली ही मंडळी रविवारी उपासनेला जमतात. मुलांची शब्बाथ शाळा भरते, महिलांच्या प्रार्थनासभा होतात, सुगीच्या दिवसांत देवाचे उपकारस्मरण होते आणि नाताळात घरोघरी गायकांचे मेळे फिरतात. या मंडळींच्या उपासनेत पेटी आणि तबल्याच्या साथीवर जी मराठी भजने गाइली जातात, त्यांची चाल ऐकून वाटसरू क्षणभर थबकतो. हे सूर आपल्या ओळखीचे आहेत, असे त्याला वाटून जाते. ही ओळख कोठून आली, हे जाणून घ्यावयाचे तर टिळकांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई मोठ्या भाविक आणि प्रेमळ होत्या. काव्याची आवड नारायणाला त्यांच्याकडूनच लाभली. वडील मात्र कडक स्वभावाचे होते. नारायणाचे प्राथमिक शिक्षण कल्याणास झाले. बोरीबंदरहून निघालेला लोहमार्ग १८५४ मध्येच कल्याणपर्यंत येऊन पोहोचला होता, आणि पुढे शहाडवरून कसाऱ्याच्या घाटाकडे आगगाड्या धावू लागल्या होत्या. जुन्या कल्याणातील वाडे, देवळे आणि खाडीकाठ यांच्या सान्निध्यात हा मुलगा वाढला. बालवयातच मातृवियोगाचे दुःख त्याच्या वाट्याला आले. आईच्या मायेची ती भूक पुढे आयुष्यभर त्यांच्या काव्यातून आणि भक्तीतून प्रकट होत राहिली.

त्यानंतर ते नाशिकला गेले आणि तेथे पाठशाळेत संस्कृत शिकले. काही काळ इंग्रजी शाळेतही त्यांनी घालवला. परंतु परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवटच राहिले. १८८० मध्ये नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. नारायणरावांच्या स्वभावात स्थिरता अशी नव्हतीच. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात खिळे जुळविणारा कामगार, असे त्यांचे दिवस जात होते. मनात आले की घर सोडून निघावे आणि पुन्हा अवचित परतावे, हा त्यांचा क्रम. लक्ष्मीबाईंनी या विलक्षण पुरुषाबरोबर संसार करताना काय काय सोसले, ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आलेले आहे. दुःखाच्या प्रसंगातही हसू शोधणारे असे पुस्तक मराठीत विरळा.

१८९१ च्या सुमारास नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले. मूर्तिपूजा, जातिभेद आणि देशाची अवनती यांविषयी त्यांच्या मनात मोठी खळबळ चालली होती. देशाला तारील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. १८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असताना आगगाडीच्या डब्यात एका परदेशी प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. प्रारंभी काव्याविषयी बोलणे झाले, मग धर्माविषयी. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. टिळकांनी ते नेटाने वाचावयास घेतले. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांचे मन विरघळून गेले. वैऱ्यावरही प्रीती करा, हा तेथील उपदेश त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर वाटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी हा निर्णय म्हणजे जिवंतपणी मरण होते. नात्यागोत्यातील माणसे दुरावली. आणि सर्वांत मोठा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. लहानग्या दत्तूला उराशी धरून त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने दिवस काढू लागल्या. पती जिवंत असून नसल्यासारखा, आणि अपराध तर काहीच नाही, अशी त्यांची स्थिती झाली. सत्याचा शोध घेणाऱ्याचे आपण कौतुक करतो. परंतु त्या शोधाची किंमत त्याच्या घरच्या माणसांना मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. टिळकांनी पत्नीला विचारात न घेता हे पाऊल उचलले, हे त्यांच्या चरित्रातील न्यून आम्ही झाकू इच्छीत नाही. मात्र त्यांनी दुसरा विवाह केला नाही, आणि पत्नीवर धर्मांतराची सक्तीही केली नाही. ते वाट पाहत राहिले.

सुमारे चार वर्षांच्या वियोगानंतर पतिपत्नी पुन्हा एकत्र आली. तरीही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते. एकाच घरात त्यांचा स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळे. टिळकांनी ते सारे मुकाट्याने सांभाळले. पुढे राहुरीस असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात आपोआपच विचार उगवला, की ही उच्चनीचता देवाने निर्माण केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या देहांत, जन्ममरणांत काही भेद दिसला नसता काय? त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. हा विचार त्यांना सुचला तो कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, तर स्वतःच्या अंतःकरणाने. आपल्या संतांनी वाळवंटात जातिकुळाचा अभिमान टाकून एकमेकांच्या पाया पडण्याचा जो पाठ घालून दिला, त्याच्याशी हा विचार किती जवळचा आहे, हे वारकऱ्यांना सांगावयास नको.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही त्यांची कर्मभूमी झाली. तेथे त्यांनी धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयात अध्यापन केले, आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. अनाथ मुलांना घरी आणून आपल्या मुलांबरोबर वाढविणे, हा त्या दांपत्याचा जणू कुळाचारच झाला होता.

परंतु त्यांचे खरे थोर कार्य निराळेच. तेव्हाची ख्रिस्ती उपासना पाश्चात्त्य वळणाची होती. इंग्रजी चालीवर बसविलेली गीते मराठी माणसाच्या ओठांवर चढत नसत. टिळकांनी ओळखले, की मराठी माणसाचे अंतःकरण अभंगाने उघडते, ओवीने द्रवते आणि कीर्तनात रंगते. त्यांनी शेकड्याहून अधिक भक्तिगीते रचली, अभंग लिहिले, ‘अभंगांजलि’ सिद्ध केली, आणि चिपळ्या हाती घेऊन ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. आपण तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरूनच ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मानीत आणि उघडपणे सांगतही. धर्म बदलला, म्हणून त्यांनी मायबोली बदलली नाही, वेष बदलला नाही, संतांचे ऋणही नाकारले नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले होते. तीन शतकांनंतर टिळकांनी तोच धागा पुन्हा हाती घेतला.

फुलामुलांचे कवी म्हणून तर ते साऱ्या महाराष्ट्राचे झाले. १९०७ मध्ये जळगावला जे कविसंमेलन भरले, त्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच संमेलनात अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या कवीला ‘बालकवी’ ही पदवी दिली. हे बालकवी टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदूच होते आणि हिंदूच राहिले. परंतु त्या घरी लक्ष्मीबाईंची माया त्यांना अखंड लाभली.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात टिळकांच्या वैराग्याला भरती आली. परदेशी मिशनच्या पगारावर जगणाऱ्या मंडळीला स्वतःचा कणा कसा येणार, ही खंत त्यांना जाळीत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती धारण केली, आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही या दरबारात बंधुत्वाचे स्थान होते. पूर्वी ज्या ब्राह्मण्याचा त्याग करण्यास ते कचरले नाहीत, त्याचप्रमाणे साहेबी थाटाच्या धर्मसंस्थेचे दोष दाखविण्यासही ते कचरले नाहीत. परंतु दरबाराचे स्वप्न फुलण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले. सुरुवातीचे अध्याय त्यांनी लिहिले होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख झाली, त्यांनीच पुढे तब्बल ६४ अध्याय रचून हे कार्य सिद्धीस नेत आणले. एके काळी ज्या पुस्तकाने त्यांचा संसार मोडला, त्याच पुस्तकातील कथा त्यांनी ओव्यांत गुंफावी, हा दैवाचा केवढा खेळ! १९३६ मध्ये त्यांनीही इहलोकीची यात्रा संपविली.

टिळकांनी घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यासाठी आम्ही हे चरित्र आज सांगितलेले नाही. आपल्या घरातून निघून गेलेला एक भाऊ जाताना काय घेऊन गेला, एवढेच आम्हांस दाखवावयाचे होते. तो तुकोबांचा अभंग घेऊन गेला, ज्ञानोबांची ओवी घेऊन गेला, आणि आपल्या नव्या घरात त्याने त्यांना मानाच्या जागी बसविले. म्हणून शेजारच्या ख्रिस्ती मंडळीच्या मंदिरातून रविवारी सकाळी टाळांचा नाद कानी आला, तर तो परक्याचा मानण्याचे कारण नाही.

आज सायंकाळी शहाडच्या विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतताना वाचकांनी या कल्याणच्या विद्यार्थ्याचे क्षणभर स्मरण करावे. वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडताना जात विचारीत नाहीत. भिन्न मार्गाने जाणाऱ्या शेजाऱ्यामध्येही देव पाहण्याची तीच बुद्धी पंढरीरायाने आम्हां सर्वांस द्यावी, हीच आजच्या पुण्यदिनी त्याच्या चरणी प्रार्थना.