चार्ल्स व्हीटस्टन : डोळे दोन, जग एक



वाचता वाचता एक छोटी कृती करून बघा. हात लांब करा, अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग तो उघडून उजवा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो ना? म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात. मग एरवी आपल्याला जग एकच कसं दिसतं?

या प्रश्नाला प्रयोगाने भिडणारा माणूस म्हणजे चार्ल्स व्हीटस्टन. भौतिकशास्त्रात 'व्हीटस्टन सेतू' शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल. गंमत अशी की, तो सेतू मुळात सॅम्युअल ख्रिस्टी यांचा. व्हीटस्टन यांनी तो पुढे प्रचारात आणला.

व्हीटस्टन यांचा जन्म १८०२ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरजवळ झाला. घरचा व्यवसाय वाद्यांचा. १८३४ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्राध्यापक झाले, पण स्वभाव इतका बुजरा की चारचौघांत बोलणं नको वाटायचं. त्यांचे शोध रॉयल इन्स्टिट्यूशनच्या श्रोत्यांना समजावून सांगायचे ते त्यांचे मित्र मायकेल फॅरेडे!

१८३८ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध आणि एक साधं उपकरण ठेवलं. त्याचं नाव स्टिरिओस्कोप. मधोमध काटकोनात दोन आरसे आणि दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची दोन रेखाचित्रं: एक डाव्या डोळ्याला दिसेल तसं, दुसरं उजव्या. आरशांत पाहिलं की दोन सपाट चित्रं नाहीशी होऊन एकच भरीव वस्तू समोर उभी राहायची! चित्रांत त्यांनी मुद्दाम नुसत्या रेषा ठेवल्या. छायेमुळे खोली भासली, असं कुणी म्हणू नये म्हणून.

यातून काय सिद्ध झालं? दोन चित्रांतला फरक ही अडचण नाही. त्या फरकावरूनच मेंदू खोली ओळखतो. पण दोन डोळ्यांना अगदीच वेगळी अक्षरं दाखवली, तर मेंदू ती जुळवू शकत नाही. कधी एक अक्षर दिसतं, कधी दुसरं. हेही व्हीटस्टन यांनी नोंदवून ठेवलं. १८७५ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

पुढे विसाव्या शतकात ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरांच्या मेंदूत दोन्ही डोळ्यांच्या संदेशांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी शोधल्या. पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे झाकून ठेवला, तर त्यातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा होतात, हेही त्यांना दिसलं.

आता आपल्या वर्गाकडे वळू या. ज्या मुलाचा एक डोळा कमजोर आहे, त्याचा मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याच्यासाठी जग असंच असतं. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. लहान वयात लक्षात आलं तर उपचारांचा चांगला उपयोग होतो. उशीर झाला की कठीण जातं. म्हणून खेळता खेळता मुलाचा एकेक डोळा झाकून त्याला समोरचं वाचायला किंवा ओळखायला सांगा. एका डोळ्याने ते अडखळलं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नक्की न्या. आणि काही जाणवलं नाही, तरी शाळेत जाण्याआधी डोळे एकदा तपासून घ्याच.