जमशेटजींचा भटारखाना

राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी पायी येणारा भाविक दिवसभर उपास करतो आणि चंद्र पाहून मगच घास घेतो. आपल्या भागात जेवण म्हणजे घरचे, नाहीतर देवाच्या दारचे. पैसे मोजून परक्याच्या हातचे खाण्याची रीत इकडे फार जुनी नाही. त्यामुळे २००४ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘वासाबी’ नावाचे जपानी उपाहारगृह निघाले आणि तिथल्या सुशीसाठी जपानहून विमानाने मासे येऊ लागले, हे ऐकून आपल्याला नवल वाटणे साहजिक आहे. शिर्का घातलेल्या भाताची मूठ, त्यावर कच्च्या माशाची चकती, तेलाचा जवळजवळ थेंब नाही. पचायला हलके आणि प्रकृतीला बरे म्हणून श्रीमंत मंडळी ते आवडीने खातात.

गंमत अशी, की ही सुशी मुळात गरिबाघरची. मासा टिकावा म्हणून तो आंबवलेल्या भातात दाबून ठेवीत, त्यातून ती जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ती हातगाडीवर उभ्या उभ्या खात. हातगाडीवरचा हा पदार्थ ज्या वास्तूत मानाने येऊन बसला, त्या वास्तूलाही एकेकाळी तिच्या मालकाच्या घरच्यांनीच नाक मुरडले होते. तो मालक म्हणजे जमशेटजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, नवसारीचा. पारशी पुरोहितांचे घराणे. वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात शिरले आणि त्यांनी मुलाला एल्फिन्स्टन कॉलेजात घातले. १८५९ मध्ये जमशेटजी हाँगकाँगला गेले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई सट्ट्याने वेडी झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, तसा हा फुगाही फुटला. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते आणि हातातल्या हुंड्या रद्दी झाल्या होत्या. त्यांनी तोंड लपवले नाही. सावकारांपुढे उभे राहून सगळा हिशेब मांडला. सावकारांनी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला, की देणी निस्तरण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. मी आयुष्यभर बँकेत कर्जाची कागदपत्रे चाळली. तारणापेक्षा माणूस पाहावा, हे तिथे तोंडाने सगळेच म्हणतात. इथे ते खरोखर घडले.

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांवर स्वतःची पेढी काढली. गिरणीसाठी मुंबई सोडून त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस तिथे पिकतो. त्या जागी पैसा घालणे म्हणजे तो मातीत पुरणे, असे म्हणत एका सावकाराने भांडवल नाकारले. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे तिने असा नफा दिला, की त्याच सावकाराला आपले शब्द गिळावे लागले. कामगारांसाठी पेन्शनचा फंड तिथे १८८६ मध्येच सुरू झाला.

जपानशी त्यांचे नाते जुळले तेही कापसामुळेच. हिंदुस्थानी सूत आणि कापूस पूर्वेकडे जाई. पण जहाजे बहुतांशी पी. अँड ओ. या इंग्रज कंपनीची, आणि भाडेही ती म्हणेल ते. १८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले आणि तिथल्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी करार केला. त्याच प्रवासात योकोहामाहून व्हँकुव्हरला जाताना बोटीवर स्वामी विवेकानंदांची आणि त्यांची गाठ पडली. मुंबई-कोबे मार्गावर जहाजे सुरू झाली, तसे पी. अँड ओ.ने भाडे पाडले. व्यापारी फुटले आणि जमशेटजींची भाड्याची जहाजे थोड्याच काळात बंद पडली. नुकसान त्यांचे झाले, पण जपानी कंपनी त्या मार्गावर टिकली आणि एकट्या कंपनीची मक्तेदारी मोडली. पुढे रेशमाची लागवड आणायची म्हणून त्यांनी बंगळूरला जपानी जाणकार बोलावले. दुसऱ्याचे चांगले दिसले की ते आपल्या मातीत आणायचे, ही त्यांची खोडच होती.

मग आले हॉटेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहराची रया गेली. गोऱ्यांच्या हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून चिडून त्यांनी ताज बांधले, ही गोष्ट ऐकायला चटकदार आहे, पण अभ्यासक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मुंबईला पुन्हा लोक यावेत, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. पोलादाचा कारखाना, विज्ञानसंस्था अशी कामे डोक्यावर असताना वर हा भटारखाना कशाला, असे त्यांच्या बहिणीने सुनावल्याचे सांगतात. बहिणीचे बोलणे अगदीच चूक नव्हते. हॉटेल म्हणजे खानसामे आणि उष्टी भांडी, अशीच तेव्हाची समजूत होती. तरीही जमशेटजींनी स्वतःचा पैसा ओतला. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य या मराठी इंजिनिअरने आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. वैद्य १९०० मध्ये वारले, तेव्हा काम अर्धवटच होते.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले, तेव्हा पाहुणे होते अवघे सतरा. जमशेटजींची प्रकृती तोपर्यंत ढासळली होती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाद नाउहाइम इथे त्यांनी देह ठेवला. भटारखाना चालला की बुडाला, हे पाहायला त्यांना पुरते सहा महिनेही मिळाले नाहीत. पोलादाचा कारखाना आणि बंगळूरची विज्ञानसंस्था त्यांच्यामागेच उभी राहिली.

पहिल्या महायुद्धात त्याच हॉटेलात जखमींसाठी सहाशे खाटांचे इस्पितळ झाले. २००८ च्या हल्ल्यात तिथे रक्त सांडले, आणि पाहुण्यांना वाचवताना तिथल्या नोकरमाणसांनी प्राण दिले. त्यांत स्वयंपाकघरातले आचारीही होते. ज्याला भटारखाना म्हणून हिणवले, त्या घराची लाज शेवटी राखली ती या भटाऱ्यांनी. तिथली सुशी आपल्या खिशाला परवडो न परवडो, ही गोष्ट मात्र मुलांना सांगावी अशी आहे.