एलिझाबेथ गॅरेट

मुलांनो, डॉक्टर होण्याआधी विज्ञान शिकावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण विज्ञान शिकवायलाच कोणी तयार नसेल तर?

एलिझाबेथ गॅरेट यांच्यावर हीच वेळ आली. त्यांचा जन्म १८३६ साली लंडनमध्ये झाला. त्या काळी इंग्लंडमधील वैद्यकीय शाळा मुलींना प्रवेश देत नसत. १८६० साली त्या मिडलसेक्स रुग्णालयात परिचारिका झाल्या व तेथील व्याख्यानांना बसू लागल्या. विद्यार्थ्यांनी तक्रार केली आणि त्यांना ते रुग्णालय सोडावे लागले.

मग त्यांनी फी देऊन घरगुती शिक्षकांकडून एकेक विषय पुरा केला व प्रमाणपत्रे मिळवली. औषधवैद्यांच्या संस्थेच्या सनदेत पुरुष नव्हे, व्यक्ती असा शब्द होता. वडिलांनी कोर्टात जाण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे संस्थेने त्यांना परीक्षेला बसू दिले. १८६५ साली त्या उत्तीर्ण झाल्या. आणि संस्थेने काय केले असेल? यापुढे खाजगी शिक्षण चालणार नाही, असा नियमच करून टाकला!

म्हणजे दुसऱ्या मुलींना ती वाट बंद झाली. अखेर १८७४ साली सोफिया जेक्स-ब्लेक यांनी लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. एलिझाबेथबाई तेथे शिकवू लागल्या. त्याच शाळेत शिकून आपल्या मुंबईच्या रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या.